चीज उचलता येते, तालीम नाही: बाउहाउस पुण्यापर्यंत कसं पोचलं

तू विचारलंस ते थोडक्यात असं. साताऱ्याहून पुण्याला आर्किटेक्चरला आलीस, पहिल्या वर्षाला आहेस. रात्री बारा-बारापर्यंत जागून काळ्या कागदाचे चौकोन आणि पट्ट्या कापायच्या, पांढऱ्या शीटवर चिकटवायच्या, पुठ्ठ्याचे त्रिमितीतले आकार करायचे. सर सांगतात, हे सगळं बाउहाउसमधून आलं. इतिहासाच्या पेपरला त्याच बाउहाउसवर टीप लिहायची. घरी फोन केला की आई विचारते, "घर बांधायला कधी शिकवणार?" आणि तुझा प्रश्न असा की शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत जेमतेम चौदा वर्षं चाललेल्या या कला आणि डिझाइनच्या शाळेचा तुझ्याशी आणि पुण्याशी संबंध काय.

मी चौतीस वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करते आहे आणि त्यातली वीस वर्षं आठवड्यातून दोन दिवस पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत शिकवते. विद्यार्थिनी असताना हाच प्रश्न मलाही पडला होता आणि तेव्हा धड उत्तर मिळालं नव्हतं. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

संबंध आहे, पण तो इमारतींच्या दिसण्याचा नाही. पुण्यात राहतेस, तर एकदा तरी सवाई गंधर्व महोत्सवाला जाशीलच. तिथे गाण्यातलं कळणाऱ्या कुणालाही विचार, घराणं म्हणजे काय. तो तुला चिजांची, म्हणजे बंदिशींची, यादी देणार नाही. चीज रेकॉर्डिंग ऐकूनही उचलता येते. आवाज कसा लावायचा, सुरावर किती थांबायचं, तान कधी घ्यायची आणि कधी आवरायची, ही तालीम म्हणजे घराणं, आणि ती गुरूसमोर बसूनच मिळते. बाउहाउस, मॉस्कोची तशीच शाळा व्हखुतेमास, नंतरची जर्मनीतलीच उल्मची शाळा ही अशीच घराणी होती. त्यांच्या चिजा आपण भरपूर उचलल्या: सपाट गच्ची, पांढरी भिंत, काचेचा दर्शनी भाग, वाकवलेल्या पाइपची खुर्ची. तालीम मात्र अर्धीच आली. तुझ्या टेबलावरचे काळे चौकोन त्या अर्ध्या तालमीतले आहेत. उरलेली अर्धी कुठे राहिली ते कळलं की या चौकोनांचाही अर्थ लागतो.

सुरुवात एप्रिल १९१९ ची. जर्मनी युद्ध हरलेला. वाल्टर ग्रोपियस हा पस्तिशीतला वास्तुविशारद आघाडीवरून परत आलेला. वायमार गावातली ललित कलांची अकादमी आणि तिथली हस्तकलांची शाळा एकत्र करून त्याने नवी शाळा काढली आणि नाव ठेवलं बाउहाउस. त्याला सलणारी गोष्ट साधी होती. अकादमीतून चित्रकार बाहेर पडत होते आणि त्यांना काम नव्हतं. कारखान्यांतून रोज हजारो खुर्च्या, दिवे, किटल्या बाहेर पडत होत्या आणि त्यांच्याकडे जाणत्या नजरेने कुणी बघितलेलं नव्हतं. सुतार तिसरीकडेच. शाळेच्या पहिल्या जाहीरनाम्यावर लिओनेल फाइनिंगरने केलेलं लाकडी ठशाचं चित्र आहे, आणि त्यात काचेची चकाचक इमारत नसून जुनं कॅथेड्रल आहे. कारण कॅथेड्रल हे दगड घडवणारा, काच रंगवणारा, लाकूड कोरणारा आणि बांधणारा, सगळ्यांनी मिळून उभं केलेलं काम. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाबद्दल हेच म्हणता येईल.

आईला एक गोष्ट जरूर सांग. स्थापत्यासाठी सगळ्या जगात गाजलेल्या या शाळेत स्थापत्याचा स्वतंत्र विभाग १९२७ साली, म्हणजे सुरुवातीनंतर आठ वर्षांनी निघाला. तोवर मुलं काय करत होती? आधी सहा महिने पूर्वतयारीचा वर्ग. तो पार पडला तर कार्यशाळा: लाकूड, धातू, विणकाम, मातीकाम, भित्तिचित्र, छपाई. प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू. एक आकार शिकवणारा, म्हणजे पॉल क्ले, कांडिन्स्की यांच्यासारखा चित्रकार, आणि दुसरा त्या कामातला कसलेला कारागीर. दोघांच्या हाताखाली विद्यार्थी एकाच वेळी शिकायचा.

आपल्याकडे आलेला भाग म्हणजे तो सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा वर्ग. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत त्याला फाउंडेशन म्हणतात, तुमच्याकडे बेसिक डिझाइन. न आलेला भाग म्हणजे कार्यशाळा आणि तो दुसरा गुरू. माझ्या मते आपल्या शिक्षणातली सगळ्यात मोठी पोकळी हीच आहे.

तो वर्ग पहिल्यांदा योहानेस इटेनने घेतला. तो तासाच्या सुरुवातीला मुलांकडून श्वासाचे आणि शरीराचे व्यायाम करून घ्यायचा आणि मग लोकर, पत्रा, झाडाची साल, वाळू हातात देऊन डोळे मिटून चाचपायला लावायचा. काळा-पांढरा, खडबडीत-गुळगुळीत, जड-हलका असे विरोध त्याने शिकवले. तुझ्या चौकोनांचं मूळ तिथे आहे. १९२३ ला तो गेला आणि वर्ग मोहोली-नॉजी आणि योसेफ आल्बर्स यांच्याकडे आला. आल्बर्सची एक गोष्ट त्याच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवली आहे. तो वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, प्रत्येकाला काही कागद दिले आणि यातून असं काहीतरी करा की कागदाचं मोल वाढेल, एवढंच सांगून निघून गेला. शक्यतो कात्री नाही, डिंक नाही. काही तासांनी परत आला तेव्हा मुलांनी किल्ले केले होते, होड्या केल्या होत्या, प्राणी केले होते. हे सगळं दुसऱ्या कशातही, दगडात किंवा लाकडात, यापेक्षा चांगलं झालं असतं, असं त्याचं म्हणणं. मग त्याने एका हंगेरियन मुलाचं काम उचललं. त्याने काहीच विशेष केलेलं दिसत नव्हतं. कागद उभा दुमडला होता, त्यामुळे तो स्वतःच्या पायावर उभा राहत होता. लोळागोळा होणारा कागद एका घडीने ताठ झाला, आणि ही गोष्ट फक्त कागदच करू शकतो.

मी हा वर्ग दरवर्षी घेते. 'सकाळ'चे जुने अंक आणते आणि दोन तास देते. पहिला अर्धा तास हमखास होड्या आणि टोप्या होतात. मग कुणीतरी एक कागद पंख्यासारखा चुण्या घालून टेबलांच्या फटीवर आडवा ठेवतो. मी त्यावर माझा चष्मा ठेवते, मग मोबाइल, मग एक डबा. कागद वाकत नाही. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दोन वर्षांनी त्यांना घडीदार छताचं गणित शिकवायची वेळ येते तेव्हा मला फक्त, "तो पेपर आठवतो का?" एवढंच म्हणावं लागतं. गच्चीवरचा पन्हाळी पत्रा इतका पातळ असून माणसाचं वजन का पेलतो, हेही त्याच घडीत आहे.

आता कार्यशाळांकडे येते, आणि इथे तुला मुलगी म्हणून काही सांगायचं आहे. पहिल्या तुकडीत मुली मुलांच्या बरोबरीने होत्या, किंचित जास्तच. ग्रोपियसने समानतेचं बोलून शाळा उघडली आणि मुलींची संख्या बघून तोच बिचकला. मग बहुतेक मुलींना विणकामाकडे वळवलं जाऊ लागलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं होतं, त्यानंतर तीन वर्षांनी युरोपातल्या सगळ्यात पुढारलेल्या शाळेत हे चाललं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज कर्वेनगरात त्यांच्याच संस्थेचं मुलींचं आर्किटेक्चर कॉलेज आहे.

पण त्या मुलींनी विणकामाला जिथे नेऊन ठेवलं ते बघ. गुंटा श्टोल्झल त्या कार्यशाळेची प्रमुख झाली. आनी आल्बर्सने पदवीसाठी बर्नाऊ इथल्या कामगार संघटनेच्या शाळेच्या सभागृहाकरता भिंतीचं कापड विणलं. एका बाजूने ते आवाज शोषून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने, त्यात विणलेल्या सेलोफेनमुळे, प्रकाश परतवायचं. कापड म्हणजे शोभा, या समजुतीला तिने एका तुकड्यात उत्तर दिलं.

आणि मारियाने ब्रांट. धातूच्या कार्यशाळेत ही एकटी मुलगी. सुरुवातीला तिला मुद्दाम कंटाळवाणं काम दिलं जायचं: धातूचे लहान लहान अर्धगोल ठोकत बसायचे, ढिगाने. तिने ते केले. १९२४ मध्ये तिने एक चहाची किटली केली, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. अर्धगोलाचं अंग, खाली फुलीसारखा पाय, गोल झाकण किंचित एका बाजूला सरकवलेलं, ओतताना चहा झाकणातून गळू नये म्हणून. पुढे ती त्याच कार्यशाळेची प्रमुख झाली. ही किटली समजून घ्यायची असेल तर पुस्तक मिटून कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. सकाळी दहा-साडेदहाला तिथे ठोक्यांचा आवाज तुला रस्त्यावरच ऐकू येईल. भांड्याला आतून आधार देऊन बाहेरून हातोडीने ओळीत, एकसारखे ठोके घालतात, त्याला मठारकाम म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते. त्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, म्हणून पातळ पत्र्याचा बंब किंवा हंडा वर्षानुवर्षं पोचा न पडता टिकतो. म्हणजे शोभा आणि ताकद एकाच ठोक्यात. बाउहाउस ज्या गोष्टीसाठी धडपडत होतं ती तुझ्या होस्टेलपासून रिक्षाच्या अंतरावर चालू आहे. तिथल्या कुणा जुन्या कारागिराला आपण शिक्षक म्हणून, मानधन देऊन, वर्गात बसवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक छोटी गोष्ट, कारण तिचा उपयोग मला दर आठवड्याला होतो. १९२३ मध्ये शाळेने वायमारमध्ये एक नमुन्याचं घर बांधलं, हाउस अम होर्न. त्यात बेनिता ओटे आणि एर्न्स्ट गेबहार्ट यांनी स्वयंपाकघर केलं: खिडकीखालून सलग जाणारा ओटा, त्यावर-खाली कपाटं. त्याआधी स्वयंपाकघरात सुटं टेबल आणि सुटी कपाटं असायची. तीन वर्षांनी फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्कीने, ती बाउहाउसची नव्हे, बाईची पावलं मोजून हजारो घरांसाठी स्वयंपाकघर बसवलं. तुझ्या घरचा ओटा थेट तिथून आला असं मी म्हणणार नाही. पण पावलं मोजणं ही तालीम मी घेतली. फ्लॅटचं काम आलं की मी त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला प्लायच्या तुकड्यांवर पोळपाट ठेवून एक पोळी लाटायला लावते. एकेक तुकडा वाढवत किंवा काढत जायचा. एका उंचीला खांदे आपोआप खाली येतात. तीच ओट्याची उंची. कधी ती बत्तीस इंच निघते, कधी पस्तीस. पुस्तकातला आकडा मी कधी वापरत नाही.

शाळेचा पुढचा प्रवास भरभर सांगते, तो तुला पेपरसाठी पाठ आहेच. १९२५ मध्ये वायमार सोडून डेसाऊ, पुढच्या वर्षअखेर ग्रोपियसची प्रसिद्ध इमारत. १९२८ ते १९३० हानेस मायर प्रमुख. चैनीच्या गरजांऐवजी लोकांच्या गरजा, ही त्याची घोषणा. मायरला राजकीय मतांमुळे काढलं, मग वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे प्रमुख. १९३२ मध्ये नाझी बहुमताच्या नगरपरिषदेने डेसाऊची शाळा बंद केली, काही महिने ती बर्लिनमधल्या एका जुन्या कारखान्यात चालली आणि १९३३ मध्ये संपली.

इथे दोन विद्यार्थ्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही इटेनची विद्यार्थिनी. ज्यू असल्यामुळे १९४२ मध्ये तिला टेरेझिनच्या छावणीत नेलं. सामानात तिने शक्य तेवढे कागद आणि रंग घेतले. छावणीतल्या मुलांना ती चित्रकला शिकवायची, इटेनच्याच पद्धतीने: आधी श्वास, मग रेषेची लय, मग कागदाचे तुकडे चिकटवणं, म्हणजे तू करतेस तेच. १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये तिला मारलं. जाण्याआधी तिने मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली, सुमारे साडेचार हजार, आणि ती आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. दुसरा विद्यार्थी फ्रिट्झ एर्टल. तो त्याच ऑशविट्झच्या बांधकाम कार्यालयात नाझींसाठी नकाशे काढत होता. दोघांनाही तालीम एकाच शाळेची मिळाली होती. मी दरवर्षी पहिल्या दिवशी ही दोन नावं फळ्यावर लिहिते आणि खाली काहीच लिहीत नाही.

शाळा मोडली आणि माणसं जगभर विखुरली. ग्रोपियस १९३७ मध्ये हार्वर्डला गेला, मीस पुढच्या वर्षी शिकागोला, मोहोली-नॉजीने शिकागोतच नवी शाळा काढली, आल्बर्स पती-पत्नी ब्लॅक माउंटन कॉलेजला. आणि इथून आपल्या वाटा सुरू होतात. एक वाट त्याआधीचीही आहे: डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात क्ले, कांडिन्स्की, इटेन, फाइनिंगर यांची चित्रं गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांसोबत मांडली गेली होती. रवींद्रनाथ आदल्या वर्षी वायमारला जाऊन आले होते. शांतिनिकेतनचं कलाभवनही १९१९ चंच. म्हणजे अकादमीच्या चौकटीबाहेर पडायचं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलं नाही, दोन्हीकडे एकाच सुमाराला सुचलं.

मराठी माणसाच्या दृष्टीने सगळ्यात थेट वाट अच्युत कानविंदे यांची. कोकणातल्या आचऱ्याचा मुलगा, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला. १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं, थेट ग्रोपियसच्या हाताखाली. परत आल्यावर अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था, 'अटीरा', बांधली. ती बघितली की गुरूचा हात स्पष्ट दिसतो. मग कानपूरची आयआयटी, तिथे वीट आणि काँक्रीट त्यांचं स्वतःचं बोलू लागतं, आणि उन्हातून चालण्याच्या वाटा सावलीत जातात. आपल्या बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकादमी ही त्यांच्या उतारवयातली. चीज सोडून तालीम धरली की काय होतं, ते या तीन इमारतींत ओळीने बघता येतं.

दुसरी वाट बाळकृष्ण दोशींची. ते पुण्याचेच, १९२७ चा जन्म, फर्निचरचा धंदा असलेल्या एकत्र कुटुंबातला. लाकडाचा भुसा आणि रंध्याचा आवाज त्यांच्या लहानपणातच होता, म्हणजे कार्यशाळा घरीच. जे. जे., मग पॅरिसला नामवंत वास्तुविशारद ल कोर्बुझिए यांच्याकडे, मग अहमदाबाद. १९६२ मध्ये त्यांनी तिथे आर्किटेक्चरची शाळा काढली. दालनांना दारंच नकोत, कुणीही कुठल्याही वर्गात डोकवावं, असा त्यांचा आग्रह. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी सुमारे साडेसहा हजार कुटुंबांना अर्धं घर दिलं, जोतं आणि संडास-न्हाणी, बाकी ज्याचं त्याने जमेल तसं वाढवायचं. पेठेतलं घर पिढ्यापिढ्यांनी वाढताना ज्याने बघितलंय त्यालाच हे सुचणार, असं मला नेहमी वाटतं.

तिसरी वाट उल्मची. १९५३ मध्ये सुरू झालेली ही शाळा, इंगे शोल यांनी नाझींनी मारलेल्या भावंडांच्या, हान्स आणि झोफी यांच्या, स्मृतीसाठी उभी केली. तिथल्या एका स्टुलाबद्दल सांगते. तीन फळ्या आणि एक दांडा. दोन उभ्या, एक आडवी, कोपऱ्यात बोटांत बोटं अडकवल्यासारखा सांधा, खाली आरपार गोल दांडा. उभं ठेवलं तर बसायला एक उंची, आडवं केलं तर दुसरी, उलटं केलं तर दांडा धरून पुस्तकं वाहायला, टेबलावर ठेवलं तर भाषणाला. आपला चौरंगही असाच, पूजेला तोच, जेवायला तोच. उल्ममध्ये शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक संकल्पन केंद्र उभं केलं. तिथेच पुढे र. कृ. जोशी अक्षरं शिकवायचे. तुझ्या कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट त्यांच्या हातचा. उल्म १९६८ मध्ये पैशाअभावी आणि भांडणांत बंद पडली, पण आपण मराठी टाइप करतो त्यात तिचा एक धागा आहे.

पुण्यात आणखी एक धागा ख्रिस्तोफर बेनिंजर यांचा. ग्रोपियसनंतर वास्तुविशारद होसेप लुईस सर्ट हार्वर्डला शिकवत होते त्या काळात बेनिंजर तिथे शिकले, १९७६ मध्ये पुण्यात विकास अभ्यासाचं केंद्र काढलं आणि पुण्याचेच झाले. मुळशीकडे जाताना महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचं.

आता वाईट बाजू, कारण ती न सांगता तुला इतिहास शिकवणं चूक आहे. बाउहाउसच्या अभ्यासक्रमात वास्तूच्या इतिहासाला जागा नव्हती. जुन्याची नक्कल करण्याचा कंटाळा आलेल्या पिढीने ते केलं, समजू शकते. पण ते आपल्याकडे आलं तेव्हा आपण वाडा विसरलो. बाहेर मे महिना तापलेला असताना वाड्याच्या माजघरात थंड का वाटतं, चौकातून हवा कशी वर खेचली जाते, सोप्यावर सावली किती वाजता येते, हे मला कुठल्याच वर्षाला शिकवलं नाही. डेसाऊच्या इमारतीचा तीन मजली काचपडदा फोटोत बघून आम्ही भारावलो होतो. ती काच उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ व्हायची, हे मला फार नंतर कळलं. तोच काचपडदा आज बाणेर आणि हिंजवडीत पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि आतले लोक पडदे ओढून, दिवे लावून, एसीत बसलेत.

मीही हे केलं आहे. माझं पहिलं स्वतंत्र काम कोथरूडमधला एक बंगला. पुस्तकातल्यासारखा: पांढरा, कोरा, खिडक्यांवर छज्जा नाही, गच्ची अगदी सपाट. पहिल्या जुलैत खिडक्यांच्या माथ्यावरून पाणी आत आलं, भिंती शेवाळून काळ्या झाल्या. मालक सज्जन होते, पण त्यांच्या आईच्या अंथरुणाशेजारी बादली ठेवलेली मी बघितली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. दुरुस्तीला आलेले वयस्कर गवंडी ओलसर भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "बाई, भिंतीला टोपी घातली न्हाई तुम्ही." मग छज्जे घातले, त्यांच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवली. गच्चीचा कोबा उखडून नवा केला, चार बोटं ढाळ, कठड्याशी कोपरा गोल करणारा वाटा, आणि तळं करून आठ दिवस पाणी ठेवून बघितलं. हे सगळं त्यांनी मला शिकवलं. बाउहाउसमधला तो दुसरा गुरू मला पदवीनंतर असा भेटला.

म्हणूनच तुला आयुका बघायला सांगते. विद्यापीठाच्या आवारात, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त ती सगळ्यांना खुली असते. कोरिया एमआयटीत शिकले आणि तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत ग्योर्गी केपेश होते, मोहोली-नॉजीचे जुने सहकारी. म्हणजे नातं थेट. आत गेलीस की भिंतीपाशी उभी राहा. खाली आपला काळा बेसाल्ट, खडबडीत. वर कडाप्पा, अधिक काळा. सगळ्यात वर घोटलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ आणि ढग दिसतात, आणि भिंत कुठे संपली तेच कळत नाही. काळ्यावर काळा, त्यावर काळा. तुझ्या शीटवरचा धडा हाच आहे, फक्त इथे तो सह्याद्रीच्या दगडात केला आहे, आणि मधल्या चौकाला पुण्याच्या वाड्याची आठवण आहे.

आता उद्याच्या सबमिशनबद्दल, कारण तुला खरं तर तेच हवं असणार. काळे कागद चिकटवण्याआधी शीट भिंतीला टाचून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले कर. काळ्याकडे बघू नकोस, मधल्या पांढऱ्याचा आकार बघ. तो उरलेला वाटत असेल तर पट्टी हलव. तो कापून ठेवल्यासारखा वाटला की थांब. कटरला नवं पातं लाव, एका दमात काप, पोलादी पट्टीच धर. मग त्याच चौकोनांतले तीन घे, पुठ्ठ्यावर काप, डिंक न लावता फक्त खाचा पाडून एकमेकांत उभे कर, आणि दुपारी चार वाजता होस्टेलच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेव. सावली कुठे पडते ते पेन्सिलीने आखून घे. सरांनी मागितलेलं नसलं तरी तो कागद शीटच्या मागे लाव, आणि पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा आईला दाखव. कुठल्या खोलीला छज्जा हवा, ते त्या सावलीवरून ती तुला सांगेल.